दिंद्रुड टाळणारा माणूस

माजलगावात मला खोली मिळाली ती अर्धा दिवस चौकशी होऊन. भाड्याचं बोलणं अगदी शेवटी निघालं. आधी मालकांनी मला ओट्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि मी तो तोंडाला लावणार तोच विचारलं, "न बघता पिता का तुमी पाणी?"

"तुमच्या घरचं आहे म्हणून पितोय," मी म्हणालो.

"घरचं हाय. पण चांगलं हाय हे कशावरून?"

मी तांब्या खाली ठेवला. त्यांना ते आवडलं असावं, कारण पुढच्याच आठवड्यात मी गादी आणि शेगडी घेऊन त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. मी पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या कामावर. गाव लांबचं, संगमनेरकडचं. इथं माझी कुणाशी ओळख नाही हेच त्यांना बरं वाटलं होतं. "वळखीच्यांचा अनुभव घेऊन झालाय माझा," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले.

मालक एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उसाच्या रसात साखर किती आणि काय काय मिसळलंय हे तपासण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त होताना त्यांनी शाल-नारळाबरोबर काचेच्या नळ्यांचं एक खोकंही घरी आणलं. ते स्वयंपाकघरात ओट्याखाली असायचं. हळद आली की चिमूटभर नळीत, गूळ आला की तुकडा नळीत. दूधवाल्यानं दूध घालण्याआधी त्यातलं अर्धा कप स्वतः प्यायचं असा नियम होता. तोही सरावला होता, सकाळी घरून काही न घेताच यायचा.

लग्नात ते नवऱ्यामुलाच्या बापानं ज्या भांड्यातलं वाढून घेतलं त्याच भांड्यातलं घेत, तोवर ताटाला हात लावत नसत. वर्तमानपत्र वाचताना प्रत्येक बातमीनंतर "कशावरून?" म्हणत आणि उत्तर द्यायला कुणी नसल्यानं पान उलटत. मी एकदा सहज म्हटलं, "आज गुरुवार ना?" तर उठून भिंतीवरचं कॅलेंडर पाहून आले.

गल्ली हसायची. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हसण्यासारखं काही नव्हतं. सकाळचा चहा आणला की मालक आपला कप त्यांच्यापुढं सरकवत आणि त्यांचा आपण घेत. एक शब्द न बोलता दोघं कप बदलत. मी बघतोय हे लक्षात आल्यावर काकू एकदा जिन्यात म्हणाल्या, "तुमी मनावर घेऊ नका. आधी असे नव्हते हे."

त्या काकूंचंही मला एक कोडं होतं. दुपारी मालक आडवे झाले की त्या जिन्याखाली येऊन फोनवर हळू आवाजात बोलत. माझी चप्पल वाजली की फोन पदराखाली जाई. मालकांच्याही ते ध्यानात आलं होतं. एकदा त्यांनी मला गच्चीत गाठलं.

"वरून दिसतं का तुमाला, ही कुणाशी बोलती?"

"नाही," मी म्हणालो. खरोखरच दिसत नव्हतं.

"बोलती कुणाशी तरी. माझ्या घरात माझ्या मागं काहीतरी चालू हाय."

आणखी एक विचित्र गोष्ट होती. परळीला जायचं तर तेलगावहून दिंद्रुडवरून सरळ रस्ता आहे. मालक मात्र पाथरी-सोनपेठचा वळसा घेऊन जात. एस.टी.नं जायचं असो की कुणाच्या गाडीनं, दिंद्रुड नको. मी कालव्याच्या कामाला त्या बाजूला जातो म्हटलं तरी ते घरात निघून जात.

त्याचं कारण काकूंनी मला गच्चीवर मिरच्या वाळत घालताना सांगितलं. मालकांची धाकटी बहीण दिंद्रुडला दिली होती. नवऱ्याची थोडी शेती होती आणि मेंढरं होती. मुलगी झाली, ती रांगायला लागली, आणि एका श्रावणात बहिणीच्या पोटात कळा सुरू झाल्या. उलट्या. मग ती वेड्यासारखं बडबडू लागली. लघवी लाल झाली, रक्तासारखी. दवाखान्यात झटके आले म्हणून औषधं दिली, तर हातापायातलं बळ गेलं आणि दोन-चार दिवसांत श्वास थांबला. मालक तिथं पोचले तेव्हा ती बोलत नव्हती.

"हे तिथूनच ठाण्यावर गेले," काकू म्हणाल्या. "म्हणले, सासरच्यांनी इख घातलं. दाजीला आत टाकलं. तपासणीत इखाचं काही निघालं न्हाई, तर हे म्हणले, पैसे चारले. कोर्टानं सोडलं तवर दाजीची जमीन केसमध्ये गेली. पोरगी आजीनं वाढवली. आमाला तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई. आन तवापासून हे असे."

"तुम्हाला काय वाटतं, घातलं होतं विष?"

त्या मिरच्या पसरत राहिल्या. मग म्हणाल्या, "दाजी तसा माणूस न्हाई. पर हे मी ह्या घरात बोलू शकत न्हाई."

चैत्रात मालकांना लघवीला जळजळ होऊ लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मालकांनी पाकीट उजेडात धरून कंपनी पाहिली, तारीख पाहिली, दुकानदाराकडून पावती घेतली, एक गोळी पाण्यात विरघळवूनही पाहिली. सगळं बरोबर होतं. गोळी अस्सल होती, आणि त्या अस्सल गोळीनंच त्यांना आडवं पाडलं.

तिसऱ्या दिवशी ते पोट धरून लोळत होते. पोट हाताला मऊ लागत होतं, पण त्यांना कळा सोसवत नव्हत्या. मी खाली गेलो तर त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं गावाहून चकल्या आणल्या होत्या. त्याला इचारा काय घातलं त्यात." मग काकूंकडं वळले. "आन हिला इचारा, फोन कुणाला लावती."

काकूंनी मला खूण केली. आम्ही त्यांना माझ्या गाडीत घातलं आणि मी थेट संभाजीनगर गाठलं.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात दोन दिवस कुणाला काही सापडेना. किडनीत खडा नाही, अपेंडिक्स नाही. मालक नर्सच्या हातून काही घेईनात. शेवटी एका तरुण डॉक्टरनं त्यांची लघवी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत उन्हाला ठेवली. सकाळी पिवळी होती ती दुपारपर्यंत कोऱ्या चहासारखी झाली, मग लालसर. त्यानं रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या पुढं पाठवल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. पोर्फिरिया.

मालकांना हा आजार कळला तो त्यांच्याच भाषेत. ग्लुकोज चढत होतं, डोकं ताळ्यावर आलं होतं. डॉक्टरनं समजावलं की रक्तातला लाल पदार्थ करायला लिव्हरमध्ये एकामागून एक एन्झाइम कामाला लागतात आणि त्यांचं त्यातलं एक जन्मापासून निम्म्यानंच चालतं.

"म्हणजे कारखान्यात रस आटवायचं एक पॅन अर्धंच चालतंय," मालक म्हणाले.

डॉक्टरला कळलं नाही. मालक म्हणाले, "गाळप हळू असलं तर कुणाला कळत न्हाई. पर गव्हाणीत एकदम ऊस वाढवला तर रस त्या पॅनपाशी तुंबणार. तुंबला की आंबणार."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाला. "काही औषधं शरीरातून बाहेर काढायला लिव्हरला जास्तीचा माल लागतो. मग ते गाळप वाढवतं. पुढं तुंबलं की तो अर्धवट माल नसांना त्रास देतो. उपाशी राहिलं तरी तेच होतं, साखर मिळाली की गाळप शांत होतं. बाकीच्यांना चालणारी गोळी तुम्हाला चालेलच असं नाही. यापुढं एकही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही."

आयुष्यभर प्रत्येकावर संशय घेणाऱ्या माणसाला डॉक्टरनं असं सांगितलेलं पाहून मला हसू येणार होतं. तेवढ्यात त्यानं सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? हा आजार रक्तातून येतो. जवळच्या नातेवाइकांना तपासावं लागेल."

मालकांनी भिंतीकडं कूस केली. काकू तेव्हा औषधं आणायला खाली गेल्या होत्या.

घरी येताना काकू मागच्या सीटवर झोपल्या होत्या. गढीच्या फाट्यावर मालकांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी जवळ गेलो.

"तिची बी अशीच होती," ते म्हणाले. "लाल. मीच सांगितलं कोर्टात. पिंजऱ्यात उभा राहून सांगितलं, रक्तासारखी लाल होती, हे इख न्हाई तर काय हाय."

मी म्हणालो, "मुलगी आहे ना तिची? तिला सांगायला पाहिजे."

"मी सांगीन. मीच जाणार. घरात बोलू नका तुमी, हे माझं मला करू द्या."

वैशाख गेला, पाऊस आला. मी एकदा विचारलं तर ते उसळले. "डॉक्टरचं बरोबर हाय हे कशावरून? एका बाटलीवरून?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले की निरोप धाडलाय. कशावरून, हा प्रश्न नेमका तेव्हा मला सुचला नाही. एकदोनदा मी त्यांना स्टँडवर पाहिलं होतं. परळीची गाडी लागलेली, हे तिच्या दारापाशी उभे. गाडी निघून गेली की हे घराकडं वळत. हे आजारपणानंतरचं चालणं असेल अशी मी समजूत करून घेतली.

नवरात्रात, पाचव्या माळेच्या दिवशी सकाळी काकू फोन हातात घेऊन ओट्यावर आल्या. पदराखाली नव्हता, उघड हातात होता. मालक पेपर वाचत होते, मी गाडी पुसत होतो.

"दिंद्रुडच्या पोरीला इथं दवाखान्यात आणलंय," त्या म्हणाल्या. "तीन दिवस झाले पोट दुखतंय. आपरेशन करायचं म्हणतेत."

मालकांनी पेपर खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. ती कॉलेजला इथं यायला लागल्यापासून मला फोन करती. तुमी झोपल्यावर मी तिच्याशीच बोलती. आता काय करायचं ते करा मला."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण ते एकदम म्हणाले, "काही खाती का ती? उपवास हाय का?"

"पहिल्या दिवसापासून पाण्यावर हाय. आन घट बसलेत म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्यात तिनं."

मालक उभे राहिले. चपला न घालता माझ्या गाडीत जाऊन बसले.

दवाखाना छोटा, खासगी होता. वरच्या मजल्यावर दारापाशीच दाजी उभे होते. उंच माणूस, खांद्यावर घोंगडी, डोळे लाल. मालकांना पाहून त्यांनी दार अडवलं नाही, कारण त्यांना बहुतेक खरंच वाटलं नाही की हा माणूस इथं आलाय. तेवढ्यात मालक आत घुसले. खाटेवर मुलगी पडली होती, ओठ सुकलेले, नजर भिरभिरती. नर्सच्या हातात सुई होती.

"काय भरलंय त्यात?" मालक ओरडले. "कुणी सांगितलं द्यायला? मारताय तुमी तिला. लावू नका हात."

आजवर ज्या सुरात ते दूधवाल्याशी, दुकानदाराशी बोलले होते तोच सूर होता तो. नर्स घाबरून मागं सरली. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीतून आल्या. आणि दाजींनी मालकांची गचांडी धरली.

"माझी बायको मेली तवा मला आत टाकलंस," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "आता पोरगी मरायला लागली तर डाक्टरला टाकायला आलास व्हय बे?"

त्यांनी मालकांना व्हरांड्यात आणून सोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांना खाली घेऊन जा, नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल." इतर पेशंटचे नातेवाईक जमले होते. कुणीतरी म्हणालं, हाच तो. एका म्हातारीनं तर मालकांकडं बघून पोरीच्या आईचं नाव घेतलं.

मी बोलायला लागलो तर दाजी म्हणाले, "तू कोण रे? ह्याचा वकील हाय का?"

मी बाजूला झालो. काकू जिन्यात भिंतीला टेकून रडत होत्या. मालक कॉलर नीट न करता तसेच उभे होते, आणि मला कळत होतं की त्यांच्याजवळ सांगायला खरी गोष्ट आहे आणि ती ऐकणारा एकही माणूस त्यांनी शिल्लक ठेवलेला नाही.

मग ते दाजींच्या समोर गेले. हात जोडले नाहीत, पायाही पडले नाहीत. सगळ्यांच्या देखत, हळू, पण स्पष्ट म्हणाले, "दाजी, तुमी माझ्या बहिणीला मारलं न्हाई. तिला आजार होता. तो मला बी हाय. मला चैत्रापासून माहीत हाय."

दाजी बाकावर बसले. बराच वेळ त्यांनी मालकांकडं पाहिलंच नाही.

"चैत्रापासून," ते म्हणाले.

"हो."

"आन आज आलास."

"हो."

दाजींनी घोंगडीनं तोंड पुसलं. मला वाटलं, आता हे उठून मालकांना जिन्यावरून ढकलतील. ते उठले, पण डॉक्टरीणबाईंकडं वळले. "बाई, ह्यो माणूस माझा दुश्मन हाय. पर तो काय म्हणतोय ते जरा ऐकून घ्या. तो स्वतःच्या इरुद्ध बोलला, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं."

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मालकांना नीट बोलता येईना, तेव्हा मी संभाजीनगरच्या डॉक्टरला फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्या खिडकीपाशी उभं राहून बरंच बोलल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "सोनोग्राफीत मला काही सापडत नव्हतं, म्हणूनच ऑपरेशनला हात लावायला मी कचरत होते. हा आजार मी पुस्तकात वाचलेला, पेशंट कधी पाहिला नव्हता. भूल देणं तूर्त थांबवते." त्यांनी त्या गोळ्या बंद केल्या, ग्लुकोज लावलं आणि लघवीची बाटली भरून खिडकीत ठेवली.

ती बाटली रंग बदलेपर्यंत आम्ही सगळे व्हरांड्यात होतो. बाकाच्या एका टोकाला मालक, दुसऱ्या टोकाला दाजी. ऊन सरकत गेलं. बाटलीत आधी गूळपाण्यासारखा रंग आला, मग गडद झाला. दाजी उठून खिडकीपाशी गेले आणि काचेला नाक लागेल इतके जवळ उभे राहिले.

"अशीच होती," ते म्हणाले. त्यांचे खांदे हलायला लागले. मालक त्यांच्याजवळ गेले नाहीत. काकू गेल्या.

त्याच दुपारी तिला ॲम्ब्युलन्सनं संभाजीनगरला नेलं. वाचली. हातातलं बळ मात्र गेलं होतं. कितीतरी दिवस तिला वेणी घालता येत नव्हती, पेन धरता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आईच्या वेळी हे कुणाला कळलं नव्हतं, त्यात कुणाचा दोष नव्हता, असंही ते म्हणाले. आता तिचं निदान नक्की झालं होतं. आईबद्दल मात्र खात्रीनं कुणीच काही सांगू शकणार नव्हतं. मालकांनी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच खात्री मागितली नाही.

मालक बदलले असं मी म्हणणार नाही. दूधवाला अजून आधी अर्धा कप पितो. पण सकाळचे कप आता बदलले जात नाहीत. औषधांच्या दुकानात ते पूर्वीसारखेच तासभर उभे राहतात, फक्त गोळी खरी की खोटी हे विचारत नाहीत, ती लिव्हरमध्ये जाऊन काय करते ते विचारतात. दुकानदार म्हणतो, आधीचं बरं होतं. दिंद्रुडला ते अजून गेलेले नाहीत. दाजींनी बोलावलंही नाही. केसचं मी विसरणार न्हाई, असं त्यांनी दवाखान्यातच सांगून टाकलं होतं, आणि मालक हो म्हणाले होते.

थंडीत एका रविवारी दाजीच मुलीला, म्हणजे मालकांच्या भाचीला, घेऊन आले. कारण काढलं होतं तपासणीच्या तारखेचं. काकूंनी चहा केला. भाचीनं कप दोन्ही तळव्यांत धरला, बोटं अजून नीट वळत नव्हती. मी उठून जायला लागलो तर मालक म्हणाले, "बसा हो साहेब. तुमच्यापासून काय लपवायचंय आता."

थोडा वेळ उसाच्या तोडीचं, पाण्याच्या पाळीचं बोलणं झालं. मग भाचीनं मध्येच विचारलं, "मामा, माझी आई कशी होती?"

मालकांनी कप खाली ठेवला.

"मला कुणीच सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "आमच्या घरात तिचं नाव काढलं की केस निघती. मग आजी नावच काढू देत नव्हती. ती कशी मेली हे सगळ्या गावाला माहिती हाय. ती कशी होती ते मला माहिती न्हाई."

मालक म्हणाले, "लई भित्री होती लहानपणी. कुत्रं दिसलं की माझ्या मागं लपायची. शेरडाला बी भ्यायची."

"भ्यायची न्हाई," दाजी म्हणाले.

"मी भाऊ हाय तिचा."

"आमच्याकडं आली तवा भीत होती थोडे दिवस. मग एकेका मेंढराला नाव ठिवलं तिनं. नाव चुकलं की आमाला शिव्या द्यायची. आमाला सगळी सारखीच दिसायची, तिला न्हाई." ते थांबले. "एक कोकरू घरात घेऊन झोपायची. माझ्या आईचा अन तिचा त्याच्यावरून रोज तंटा."

काकू हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला. भाची बापाकडं असं बघत होती, जसं काही हा माणूस तिला आत्ताच भेटला.

मालक म्हणाले, "हे मला माहीत न्हाई."

"तुमी इचारलं कवा? कोर्टात बी कुणी इचारलं न्हाई हे."

मालकांनी आपली खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली. "आता सांगा," ते म्हणाले.

दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली, थोडा विचार केला आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली.